आबाजींचा जंगलाचा पडदा

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात आणि नाटकाला पडदे लागतात. राजवाडा, रस्ता, जंगल. आमच्या भागातले हे पडदे माझे आजोबा रंगवायचे. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. मांजरपाटाचे पट्टे शिवायचे, देवळाच्या सभामंडपात ताणायचे, जनावरांच्या कातड्याचा चिकट सरस शिजवून त्यात रंगाची पूड कालवायची आणि तोंडात सुपारी धरून गुमान काम करायचं. सरस शिजायला लागला की आई नाकाला पदर लावून बडबडायची. मला तो घाण वास आजही हवा आहे. कुठे मिळत नाही.

जंगलाचा पडदा सांगितला की ते दर वेळी आमचंच जंगल काढायचे. आमची बोडी, म्हणजे शेतातलं तळं, तिच्या पाळीवरचं मोहाचं झाड आणि त्याखाली आमची काळी बकरी. वनवासातला राजा राज्य आठवून रडतोय आणि त्याच्या मागे आमची बकरी. लोक हसायचे.

"आबाजी, राजाच्या जंगलात आपली बकरी काऊन?" मी एकदा विचारलं.

"मंग कोनाची काढू? मले हेच जंगल येते."

पुढे फ्लेक्स आले. झटपट छापून मिळणारे, पाण्यानं धुता येणारे. आबाजींना कोणी बोलवेना. त्यांचे जुने पडदे कुठे गोठ्याला आडोसा झाले, कुठे उंदरांनी खाल्ले. घरात एकच उरला, जंगलाचा, गुंडाळून आढ्याला बांधलेला. तेवढा तरी राहावा, एवढंच माझं मागणं होतं. लग्न होऊन चंद्रपूरला आले तरी फोनवर आधी पडद्याचं विचारायची, मग तब्येतीचं. आबाजी त्यावरून मला चिडवायचे.

एका साली मी माहेरी होते. धान कापून शेतात पुंजणं रचलं होतं आणि भर दुपारी आभाळ भरून आलं. एवढ्या मोठ्या ढिगाला ताडपत्री पुरेना. बाबा शेजारीपाजारी पळत होते. तेवढ्यात आबाजींनी स्वतःच आढ्याचा पडदा सोडला.

"आबाजी, तो नका नेऊ," मी म्हटलं. पाया पडले.

"धान सडलं तं काय पडदा खाशीन?"

मांजरपाटच तो, पाणी कसलं अडवणार? आणि सरसाचा रंग पाण्यात किती टिकणार? हे आबाजींइतकं कोणाला माहीत होतं? पण घाबरलेल्या माणसाला घरात जे दिसतं ते तो उचलतो. रात्रभर पाऊस पडला. सकाळी पुंजण्यावरचा पडदा ओढून काढताना माझे हात कोपरापर्यंत हिरवे झाले. खालचं धान भिजलंच, वर रंगलं. व्यापाऱ्यानं हातात घेतलं नाही. आबाजी चिखलात बसून कापड चाचपत होते.

"बकरी गेली," एवढंच म्हणाले.

नवा काढा म्हणून मी खूप मागे लागले. "हात कापते आता," म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले. माझ्याजवळ त्यांच्या हातची एक रेघ नाही. लोक म्हणतात, आठवणी आहेत ना. आग लागो त्या आठवणींना. मला तो पडदा हवा होता.

तेराव्याला गावातल्या पोरांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. आबाजींचा फोटो आणि मागे बर्फाचे डोंगर, धबधबा, देवदाराची झाडं. ज्या माणसाला जन्मभर एकच जंगल येत होतं, त्याला नेऊन कुठे उभं केलं. पण पोरांनी मोठ्या प्रेमानं केलं होतं. नंतर कोणी पायाखाली घेऊ नये म्हणून बाबांनी तो घरी आणून ठेवला.

यंदा मी माहेरी आले आणि पुन्हा धान पुंजण्यात असताना पाऊस आला. सकाळी शेतात गेले, तर बाबांनी तोच फ्लेक्स ढिगावर टाकलेला, चार कोपऱ्यांना दगड ठेवून.

"बाबा, हे काय केलंत?"

"अवं बाई, याच्यातून पानी जात नाई," बाबा खालमानेनं म्हणाले.

खरंच नव्हतं गेलं. धान कोरडं ठणठणीत होतं. आबाजींच्या तोंडावर पाणी साचलं होतं. मी ते तळव्यानं पुसलं. मग हात उलटून पाहिला. त्याला काहीच लागलं नव्हतं.