रस्त्यावर शिंपडलेलं तांब्याभर पाणी

मंडळी, दिग्रसच्या चौकातल्या या फळ्यावर रोज कापसाचा भाव असते. आज तो पुसून मी, गफूर शिंपी, हे लिहून राह्यलो.

दुपारी पाणीटंचाई पाहाले मोठे साहेब येणार होते. शाळेनं प्रत्येक लेकराले घरून तांब्याभर पाणी आणाले सांगितलं. मले वाटलं, लेकरायले प्याले असन. घरातलं उरलंसुरलं पाणी मीच माझ्या सलमाच्या हातात दिलं.

ते पाणी लेकरायकडून रस्त्यावर शिंपडून घेतलं! काहून, तर साहेबाच्या जीपनं धूळ उडू नये! सलमानं आपल्याच तांब्यातले दोन घोट घेतले, तर गुरुजीनं तिच्या हातावर छड्या मारल्या.

मी धावत गेलो. "गुरुजी, काहून मारलं पोरीले?"

"गफूरभाई, वरून हुकूम आहे. मी काय करू?"

तेवढ्यात जीप आली. साहेब खाली उतरलेच नाही. ओला रस्ता पाहून म्हणाले, "इथं तर पाणी दिसतंय." अन् निघून गेले.

सलमाचे हात अजून सुजलेले आहेत. साहेब पुन्हा येतीन. तवा शाळेनं तांब्याभर पाणी मागितलं, तर तुमी द्याल का? मी नाही देणार. उडू द्या धूळ. जाऊ द्या साहेबाच्या डोळ्यात.