हायकोर्टाची कबुली

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या या मिस्त्रीला गिऱ्हाइकं समोर ‘मिस्त्री’ म्हणत आणि पाठीमागे ‘हायकोर्ट’. त्याने दुरुस्त केलेली गाडी पुन्हा बंद पडली, तर दोष बॅटरीचा असे, रस्त्याचा असे, मालकाने ती मध्येच दुसऱ्या कुणाला दाखवल्याचा असे. मिस्त्रीचा कधीच नसे. घरीही तोच न्याय. इस्त्रीने बायकोची साडी जळली, तेव्हा कापडच हलकं निघालं होतं. बायकोला खटकायचं ते एवढंच, की गाड्यांच्या बाबतीत त्याचं बहुतेक वेळा खरं असायचं.

अशा माणसाकडे व्याह्यांची, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांची गाडी आली. उंदरांनी डॅशबोर्डमागच्या वायरी कुरतडल्या होत्या आणि मीटर आंधळा झाला होता. गाडी जुनीच घेतलेली, पण व्याह्यांनी स्वतः इंजिनाचा आवाज ऐकून पारखलेली. मुलगी बघायला आले तेव्हाही मुलीपेक्षा गाडीबद्दलच जास्त बोलले होते. आता ती गाडी रोज सून, म्हणजे मिस्त्रीची मुलगी, चालवायची. ते शेजारी बसून ब्रेक कधी दाबायचा ते सांगायचे.

मिस्त्रीने वायरी बदलल्या. मीटर उघडलाच होता, तर दिसलं की एका दिव्याच्या जागी बल्बच नाही. आपणहून बसवला. मग व्याह्यांच्या देखत चावी फिरवली. सगळे दिवे लागले आणि विझले. एक लाल दिवा तेवढा विझेना.

“हे काय?” व्याह्यांनी विचारलं.

“एअरबॅगचा दिवा. काहीतरी बिघाड आहे, बघावं लागेल.”

“आणली तेव्हा नव्हता.”

“बल्बच नव्हता, तर दिवा कुठून दिसणार?”

“म्हणजे तुम्ही बसवलात म्हणून लागला,” व्याही म्हणाले आणि गाडी तिथेच ठेवून पायी घरी गेले.

मिस्त्रीने तपासणीचं यंत्र जोडलं. दोष चालकाच्या बाजूला निघाला. बॅटरी सोडवून, थोडं थांबून त्याने स्टिअरिंगचं मधलं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. गाडी कधीतरी जोरात ठोकली होती, एअरबॅग फुटून गेली होती, आणि कुणीतरी नवी घालण्याऐवजी नुसतं झाकण बसवून बल्ब काढून घेतला होता. मुलगी रोज त्या रिकाम्या डब्यासमोर बसून ऑफिसला जात होती.

त्याने घरून फोन लावला. ठोकलेली गाडी हे शब्द ऐकताच व्याह्यांचा आवाज चढला.

“मी पारखून घेतलीय. इतकी वर्षं एक दिवा लागला नाही. तो बल्ब काढा आणि संध्याकाळपर्यंत गाडी पाठवा. नाहीतर मी दुसरीकडे नेतो, तिथे काढून देतील.”

फोन संपतो न संपतो तोच मुलीचा आला. “बाबा, तुम्ही काय म्हणालात त्यांना? सकाळपासून मी ऐकतेय, ‘तुझ्या वडलांना सगळ्यांत खोट दिसते.’”

“गाडी दुसरीकडे गेली तर चालवणार नाहीस तू. स्टिअरिंगमध्ये एअरबॅगच नाही.”

“आणि त्यांना पटेल असं काय कारण सांगू? तुमचा जावई तर समोरच्या खोलीत पेपर वाचतोय. तो काही बोलणार नाही.”

मिस्त्रीने फोन पुन्हा व्याह्यांना लावला.

“बरोबर होतं तुमचं. चूक माझीच. काम करताना माझ्या हातून एक वायर तुटली. दोन दिवस ठेवा, नीट करून देतो.”

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. बायको हात न पुसताच दारात आली आणि नवऱ्याचं कपाळ गरम आहे का ते पाहू लागली.

“काय झालंय तुम्हाला?”

“काही नाही. एक खोटं बोललो.”

“तेच म्हणते,” ती म्हणाली, “खरं बोलताना तुमच्या तोंडून ‘चूक माझी’ कधी ऐकलं नाही.”

कंपनीच्या दुकानातून मिस्त्रीच्या पैशाने त्याच मॉडेलची नवी एअरबॅग आली आणि झाकणाआड बसली. तिसऱ्या दिवशी व्याही सुनेला घेऊन हजर झाले. प्रसन्न होते. गल्लीतल्या दोन दुकानदारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माणसाने चूक मान्य केली की काम कसं होतं बघा. चुकतं हो कुणाचंही. मी मनावर घेत नाही.”

“मोठं मन आहे तुमचं,” मिस्त्री म्हणाला.

मुलीने एकदा वडलांकडे, एकदा स्टिअरिंगच्या झाकणाकडे पाहिलं आणि पट्टा लावला. सासरे शेजारी बसले आणि आरसा कसा ठेवायचा ते सांगू लागले. तिने चावी फिरवली. लाल दिवा लागला. मिस्त्री खिडकीत वाकला होता; व्याही गाडी कशी पारखावी यावर त्यालाच काहीतरी समजावत होते. दिवा विझला, तेव्हा तो सरळ उभा राहिला आणि “हो, खरंय,” म्हणाला.