डिसेंबरातली विहीर

टेप पाण्याला टेकली आणि मी आकडा दोनदा वाचला. साडेचार फूट. कठड्यापासून साडेचार फुटांवर पाणी. मी नगरची बाई. आमच्याकडे विहिरीत टेप सोडायची म्हटली की आधी टेप पुरेल का, हा प्रश्न पडतो. इथे टेपचं डबडं नुसतं गरगरलं आणि थांबलं. शेजारी उभे असलेले भाऊसाहेब तर हसायलाच लागले.

"मॅडम, तांब्या घिऊन वाकलं की पानी," ते म्हणाले. "आता मला दुसरं काय बी दाखवू नका."

खरं सांगते, मलाही दुसरं काही बघायचं नव्हतं.

मी सिव्हिल इंजिनिअर. तीस वर्षं नगरमध्ये व्हॅल्युएशनचं काम करते. म्हणजे घर किती किमतीचं, बांधकाम अजून किती वर्षं उभं राहील, कागदावरची जागा आणि पायाखालची जागा एकच आहे का, हे बघून सहीशिक्क्याचा रिपोर्ट द्यायचा. बँका बोलावतात, घर घेणारे बोलावतात, वाटणीत भांडणारे भाऊ तर फारच प्रेमाने बोलावतात. एवढ्या वर्षांत समुद्रकिनाऱ्यावरचं घर मात्र मी कधी तपासलं नव्हतं. भाऊसाहेबांना मी तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले, "वळखीचं मानूस पायजे. भिंत म्हंजे भिंतच की तिकडं बी."

भाऊसाहेब श्रीगोंदा तालुक्यातले. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी झाली. ऊस कुणाचा किती, विहिरीला पाणी किती, ते किती दिवस पुरेल, हे बघत जन्मभर बांधाबांधाने हिंडले. त्यांची आणि मंदाताईंची एकुलती एक मुलगी वर्षा. ती दापोलीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिकडचाच नवरा केला आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊसाहेबांच्या किडनीने त्रास द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं, गोळ्या वाढवल्या आणि स्पष्ट सांगितलं की पथ्य पाळलं तर पुढची पायरी लांबवता येईल. पुढची पायरी म्हणजे डायलिसिस. वर्षाने हट्ट धरला, तुम्ही दोघं माझ्याजवळ या.

जावयाच्या घरात कायमचं राहायचं हे भाऊसाहेबांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी गावाकडचं घर विकून टाकलं आणि मुलीच्या जवळ स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. हे घर चुकलं तर दुसऱ्यांदा उठून दुसरीकडे जायची त्यांच्यात ताकद नव्हती. पैशाची नाही आणि तब्येतीची तर नाहीच नाही.

वर्षाच्या घरापासून सारख्याच अंतरावर दोन छोटी गावं आहेत. मधे खाडी, खाडीवर पूल. नावं मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडे आता माझ्या ओळखी झाल्यात आणि मला दोन्हीकडचे आंबे हवे असतात. एकाला बंदराचं गाव म्हणू आणि दुसऱ्याला खाडीपलीकडचं.

बंदराच्या गावातलं घर अगदी सपाटीवर होतं. मागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीत ती विहीर. समुद्र पाच मिनिटांवर. मालकीणबाई सुमनताई, पोस्टातून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा रत्नागिरीला होता आणि त्यांना त्याच्याकडे जायचं होतं. घर विकायला काढून दोन वर्षं झाली होती.

खाडीपलीकडचं घर चढावर होतं. जांभ्या दगडाचं, बसकं, जरा अंधारं. समुद्र बघायचा तर दोन वळणं खाली उतरायचं. त्याची विहीर जांभा फोडून खणलेली, आणि पाणी? मी टेप सोडली, सोडली, सोडतच राहिले. भाऊसाहेबांनी आत डोकावून बघितलं आणि तोंड फिरवलं. "ह्यासाठी व्हय एवढ्या लांब आलो? ही तर घरी बी हुती." मंदाताई मात्र ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, वारा चांगला आहे इथं. त्यांच्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

त्या संध्याकाळी वर्षाच्या घरी बसून मी लॅपटॉपवर रिपोर्ट तयार केला. दोन्ही घरांचे कागद साफ होते. सीआरझेडचंही बघितलं होतं. सीआरझेड म्हणजे भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात नवं बांधकाम करण्यावर असलेली बंधनं. घरं दोन्ही जुनी, त्यामुळे अडचण नव्हती. भिंती, वासे, कौलं, सगळं तपासलं. शेवटी बंदराच्या गावातल्या घराची शिफारस केली आणि कारणांत पहिलं कारण लिहिलं, पाण्याची मुबलक उपलब्धता. नळाचं काय म्हणाल तर नळ दोन्ही गावांत येतो, पण आला तर येतो. भाऊसाहेबांनी आयुष्यात कधी नळावर भरवसा ठेवला नव्हता. मीही नाही. वर्षाही श्रीगोंद्याचीच, आणि तिच्या घरचं पाणी टाकीतून येतं. तिला विहिरीचं काय ठाऊक असणार? जावई तिकडचा खरा, पण तो त्या आठवड्यात बाहेरगावी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसाराची बोलणी करायला आम्ही सुमनताईंकडे गेलो. विसार म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. ती दिली की मागे फिरणं कठीण. वर्षा शाळेत गेली होती, आम्ही तिघंच होतो. सुमनताईंनी पोहे केले होते. मंदाताईंनी गडबडीने डबा उघडला आणि सांगितलं, ह्यांचे वेगळे आहेत, बिनमिठाचे. मग भाऊसाहेबांनी विहिरीच्या पाण्याचा पेला उचलला, गोळी टाकली, पाणी प्यायले आणि म्हणाले, गोड हाय.

सुमनताईंनी विचारलं, कसली गोळी? भाऊसाहेबांनी सांगितलं. मीठ बंद असल्याचंही सांगितलं आणि वर, इथं आल्यावर हेच पाणी पिऊन ठणठणीत होणार बगा, असं ऐकवलं.

सुमनताई उठल्या. आत गेल्या. जरा वेळाने दारातून मला खुणेनं बोलावलं. मला वाटलं, भाव वाढवतायत. मनातल्या मनात मी उत्तरही तयार केलं.

मागच्या पडवीत त्या हात पुसत उभ्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, हे पाणी आत्ता गोड आहे. मार्चपासून मचूळ होतं. मे महिन्यात तोंडात धरवत नाही. मी चार महिने पिण्याचं पाणी वरच्या वस्तीतून आणते. इतरांना थोडं मचूळ चालून जातं. ह्यांना चालायचं नाही."

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून टाकते, कारण ते चांगलं नव्हतं. मला राग आला. ही पोस्टातली बाई मला विहीर शिकवणार, असं वाटलं. माझा रिपोर्ट सहीशिक्क्यासकट भाऊसाहेबांच्या पिशवीत होता.

पण शंका एकदा डोक्यात शिरली की मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, तळातलं पाणी काढून बघू या. त्याची पद्धत सोपी आहे. बाटलीला दगड बांधायचा, तोंडाला बूच लावायचं आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी गेली की बुचाची दोरी हिसडायची. म्हणजे वरचं पाणी आत न येता तळातलंच येतं. बाटली सुमनताईंनी दिली, दोरी त्यांनी दिली, आणि एक दोरी धरूनही त्याच उभ्या राहिल्या. दोन वर्षांनी आलेलं गिऱ्हाईक पडवीच्या पलीकडे बसलेलं, आणि ही बाई त्याला घालवायला माझी मदत करत होती.

मी बाटलीतलं पाणी जिभेवर घेतलं. डिसेंबर होता, तरी खारट लागलं. खरं तर एवढं मला पुस्तकात शिकवलेलं होतं. पावसाचं गोडं पाणी हलकं, समुद्राचं खारं पाणी जड. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं वर राहतं आणि खारं खाली दबा धरून बसतं. उन्हाळ्यात उपसा वाढला, वरचं संपत आलं, की खालचं वर सरकतं. परीक्षेत मी याची आकृतीसुद्धा काढली होती. पण काठाशी आलेलं पाणी दिसलं आणि माझ्यातली इंजिनिअर कुठे गेली कुणास ठाऊक. उरली ती पाण्याला हपापलेली नगरची बाई. नगरच्या माणसाला भरलेल्या विहिरीत खोट दिसतच नाही.

बाहेर येऊन मी भाऊसाहेबांना सांगितलं. ते ऐकेनात. आधी म्हणाले, बाईला जास्त पैसे देणारं कुणी भेटलं असंल. मग म्हणाले, उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू. मग मी बाटली पुढे केली. त्यांनी चूळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"आन् तुमी काल लिवून दिलं ते?"

"ते चुकलं," मी म्हटलं. "माझं चुकलं, भाऊसाहेब. तो कागद फाडा."

तीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. मंदाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सुमनताईंना म्हणाल्या, "ताई, तुमी बोलला नसता तर मी रोज माझ्या हातानं ह्यांना मीठ पाजलं असतं." आणि त्यांना रडू आलं. मलाही आलं, आता लपवून काय करू.

नवा रिपोर्ट मी लगेच दिला नाही. म्हटलं, आता मे महिन्यात येते, तोवर घाई नको. तेवढे महिने दोघं वर्षाच्या घराला लागून असलेली जावयाचीच एक खोली भाड्याने घेऊन राहिले. भाडं देतो म्हटल्यावर जावयाच्या दारातलं पाणी प्यायला भाऊसाहेबांची ना नव्हती.

मेमध्ये गेले. नगरहून जाताना वाटेत उकाड्याने जीव नकोसा झाला. आधी सुमनताईंच्या विहिरीवर गेले. पाणी अजूनही दिसायला भरपूर होतं, दहा फुटांच्या आत. घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. मग पूल ओलांडून खाडीपलीकडच्या घरी. तिथे पाणी आणखी खाली गेलं होतं, दोर ओढताना दंड भरून आले. पण पाणी होतं, आणि गोड होतं. या वेळी शहाणपणा करून तळातलंही काढलं. तेही गोड. शिवाय लॅबमध्ये दोन्ही नमुने दिले आणि लॅबनेही तेच सांगितलं. मग कुठे सहीशिक्का मारला.

भाऊसाहेबांनी खाडीपलीकडचं घर घेतलं. विहिरीला मोटर बसवली. ओट्यावर वारा खरंच चांगला येतो, आणि मंदाताई हे आम्हाला दर भेटीत ऐकवतात. भाऊसाहेबांच्या शेवटच्या तपासणीनंतर वर्षाचा फोन आला होता, किडनीचे रिपोर्ट तिथेच थांबलेत, डॉक्टर खूश आहेत म्हणून. फोनवर ती नुसती थँक्यू म्हणत राहिली. मी तिला सांगितलं, चुकीच्या नंबरावर थँक्यू म्हणतेस.

सुमनताईंचं घर पुढच्या वर्षी एका मुंबईच्या गृहस्थांनी घेतलं. सुट्टीत येऊन राहायला. पाण्याचं त्यांनाही सुमनताईंनी आधीच सांगितलं. ते म्हणाले, आम्ही बाटलीचंच पितो. त्या घराचं व्हॅल्युएशन मी करून दिलं आणि फी घेतली नाही. सुमनताई रागावल्या. मी म्हटलं, फी तुमचीच माझ्याकडे राहिली आहे.

निघताना मात्र मनात राहिलेलं विचारलं. दोन वर्षांनी आलेलं गिऱ्हाईक होतं, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं. मग का सांगितलंत?

त्यांना प्रश्नच नीट कळला नसावा.

"त्यात काय सांगायचं होतं?" त्या म्हणाल्या. "हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही आलात, टेप टाकलीत, फोटो काढलेत, वहीत लिहिलंत. पाणी बारा महिने कसं असतं, हे कुणाला विचारलंच नाहीत."

आता विचारते. कुठल्याही गावात गेले की टेप बॅगेत ठेवते आणि आधी शेजारच्या घरात पाणी मागते.