दिगूच्या नावाचा लाल टॅग

दिगूची नोकरी कंत्राटदाराने घालवली नाही, मी घालवली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गावाकडच्या तुम्हाला वेगळंच माहीत आहे, आणि ते माझ्याच तोंडून गेलेलं आहे.

त्याला गावी परत धाडलं ती संध्याकाळ अजून जशीच्या तशी दिसते. नाशिक फाट्यावर पुलाखाली परभणीकडच्या ट्रॅव्हल्स थांबतात, तिथे आम्ही उभे. दिगू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, एका हातात बॅग धरून, आणि दुसरा हात खिशात. हात खिशात ठेवायची सवय त्याला त्याच वर्षी लागली होती. बाहेर काढला की थरथरायचा. गाडीच्या क्लीनरने तिकीट मागितलं, तेव्हा काढावाच लागला. कागद फडफडायला लागला तसा क्लीनर म्हणाला, "काय भावा, आत्तापासूनच घेतलीस?" मागचे दोघं-तिघं हसले. दिगूही हसला. मग मला म्हणाला, "दादा, तू उगं रजा टाकलीस. मी काय लहान हाय का?"

गाडी सुटली आणि मला हलकं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

त्याला आणलं होतं मीच. आयटीआय करून मी आधी आलो, कंपनीत पर्मनंट झालो, मोशीला भाड्याचं का होईना घर केलं. दिवाळीला गावी गेलो की आई मागे लागायची, "ह्याला बी ने तुज्यासंगं. पण एकटा टाकू नको. त्याला दुखलं-खुपलं सांगता येत न्हाई." आपल्याकडे चाकणचं काम मिळतं ते कोणाच्या तरी शब्दावर. मी कंत्राटदाराला शब्द दिला, भाऊ आहे, जबाबदारी माझी. आईला दिलेला शब्द मात्र पहिल्याच महिन्यात मोडला. बायको म्हणाली घर लहान पडतं, म्हणून त्याला चाकणच्या मेदनकरवाडीत कामगार पोरांच्या खोलीवर ठेवलं. तिथे गाद्या शिफ्टवर चालायच्या, एक उठला की दुसरा त्याच ऊबेत झोपायचा.

लाइनवर त्याचं काम ब्रेकच्या पार्टमध्ये स्प्रिंग बसवून वर क्लिप दाबायचं. मी त्याच लाइनच्या शेवटी, क्वालिटीला. आमच्याकडे खराब पीसला लाल टॅग लागतो. तो कुलपाच्या पेटीत जातो, तिथून भंगारात. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला पिवळा. तो बाजूला ठेवायचा, पुन्हा तपासायचा, जमलं तर दुरुस्त करून लाइनवर सोडायचा. आता खरं सांगतो, पिवळा टॅग आम्ही टाळतो. पिवळ्यासाठी चार जणांना उत्तरं द्यावी लागतात. लाल लावला की कोणी काही विचारत नाही.

दिगूच्या क्लिपा अर्धवट बसायला लागल्या. माझ्या तपासणीतून सुटलेला माल ग्राहक कंपनीकडून परत आला. कोणत्या जागेवरचा दोष आहे हे मला पेटी उघडताच कळलं. माझं प्रमोशन तेव्हा तोंडावर होतं. चहाच्या सुट्टीत कंत्राटदार आला आणि सरळ विचारलं, "राव, तुमच्या भावाचा हात का हलतो?"

मला माहीत नव्हतं का हलतो. तेवढंच म्हणायचं होतं. दवाखान्यात दाखवू, थोडे दिवस हलक्या कामावर ठेवा, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पितो तो. मी सांगून थकलो. काढून टाका."

दिगू सुपारीसुद्धा खात नसे.

कंत्राटदाराने ते मनात ठेवलं नाही, ठेवायचं त्याला कारणही नव्हतं. त्याच्या हाताखाली शेजारच्या गावची पोरं होती. दिगू घरी पोचायच्या आत गोष्ट पोचली. दिगूचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीचे वडील आमच्या दारात येऊन शांतपणे म्हणाले, "पोरगं गरीब असतं तरी दिली असती. पिणाऱ्याला कशी देऊ?" आईने सगळ्यांसमोर शपथा घेतल्या. कोणी ऐकलं नाही.

मग तिने कंत्राटदारालाच दोषी धरलं. मी सुट्टीला गेलो की जेवण वाढता वाढता सुरू व्हायची, "ज्यानं माझ्या लेकराचं नाव खराब केलं त्याच्या ताटात माती पडंल." आणि माझ्या ताटात वरण ओतायची. "तू खा. तुझ्या जिवाला काय लावून घेऊ नको, तू तर त्याला हात दिलास." मी खात राहिलो. ती गेली तेव्हाही तिला एवढंच माहीत होतं.

पुढे दिगूचं चालणं बदललं. पाऊल उचलायचं नाही, घासायचं. चेहरा हलेनासा झाला, हसला तरी दिसेना. तुम्ही म्हणालात, दारू भिनली अंगात. इकडे मी सुपरवायझर झालो, मोशीतच हप्त्यावर फ्लॅट घेतला, लिफ्टच्या इमारतीत राहायला गेलो.

अखेर गेल्या वर्षी त्याला पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, आई-वडील नात्यातले होते का? होते. आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी. रक्त तपासायला दिलं. कमी वयातला पार्किन्सन निघाला, दोघांकडूनही एकेक सदोष जनुक आलेलं. मला तो शब्द म्हातारपणाचाच माहीत होता. त्यांनी विचारलं, काम काय करता? क्वालिटीला, म्हटलं. "मग तुम्हाला समजेल," म्हणून त्या बोलायला लागल्या.

शाळेत शिकलेली तंतुकणिका आठवते ना, पेशीचं वीजघर. ऑक्सिजन वापरून ऊर्जा करताना तिथे ठिणग्या उडाव्यात तसे घातक रेणू तयार होतात. त्यांचा ताण वाढला की कणिका बिघडते, आणि बिघडलेली आणखीच ठिणग्या सोडते. म्हणून पेशीत तपासणी असते. एक प्रथिन प्रत्येक कणिकेत आत ओढलं जातं आणि संपवलं जातं. कणिका बिघडली की ते आत जात नाही, दारातच साचतं. हाच टॅग. तो पाहून दुसरं प्रथिन येतं, त्या कणिकेवर आणखी खुणा करतं, मग पेशी तिला पिशवीत गुंडाळून विरघळवते आणि सुटे भाग परत वापरते. दिगूच्या पेशींत हे टॅगचं प्रथिनच नीट बनत नाही. खराब माल साचत जातो. मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशींना हा ताण जास्त, त्या आधी मरतात.

दिगू सगळं ऐकत होता. हल्ली त्याचा आवाज बारीक झालाय. म्हणाला, "म्हंजे माझ्यात क्वालिटीवाला न्हाई, व्हय दादा? तुला तिथं नेमायला पाहिजे होतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी विचारलं, "आणि चुकून ठीक असलेल्या कणिकेला टॅग लागला तर?"

त्या म्हणाल्या, त्याचीही सोय आहे. लावलेल्या खुणा पुसणारी प्रथिनंही असतात. लावणारे आणि पुसणारे यांच्या ओढाताणीतून ठरतं, काढायची की नाही. थोडी बिघडलेली कणिका असेल तर पेशी ती चांगल्या कणिकेला जोडून घेते, दोघींचं जे आहे ते एक होतं आणि निभावतं. काढून टाकायचं ते नाहीच जमलं तर. सगळं अजून कळलेलं नाही, असंही म्हणाल्या.

जोडून घेते. मी घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात घेऊन बसलो होतो. रिक्षात दिगू खांद्यावर रेलला होता, कारण त्याला ताठ बसता येत नव्हतं.

गोळ्या सुरू आहेत. गोळीचा असर असतो तोवर तो पेला धरू शकतो, उतरला की पुतळा होतो. बरं होणार नाही हे डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलंय. वेळेत दाखवलं असतं तरी आजार गेला नसता, हेही मी विचारून घेतलं, आणि त्याचा मला काडीचा आधार झाला नाही. आजार मी दिला नाही. दारुडा मी केला.

आता मी महिन्यातून एकदा गावी जातो. त्याच्या सदऱ्याची बटणं लावतो. शेजारच्या बाया म्हणतात, "भाऊ असावा तर असा." दिगू मान हलवायचा प्रयत्न करतो. तुम्ही कोणी विचाराल घर कुठलं, तर मोशीचा फ्लॅट मी घर म्हणू शकत नाही, मोशीत मी त्याला राहू दिलं नव्हतं. आणि गावच्या घरात माझ्याबद्दल चांगलंच बोललं जातं, म्हणून तिथे झोप लागत नाही.

हे सगळं वाचाल तेव्हा एवढं पक्कं धरा, दिगू कधीच प्यायला नाही. ते मी सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. गावाला हे मी लिहून सांगतोय. त्याच्यासमोर बसून, तो ऐकायला आहे तोवर, तोंडाने सांगायचं अजून बाकी आहे.