प्रशिकचा पाण्यावरचा कॉम्प्युटर

प्रशिक, मेलास ते मेलास, हे लफडं माझ्या गळ्यात का बांधून गेलास?

आज वर्ष झालं. सकाळी देऊळघाटला तुझ्या घरी पुण्यानुमोदन झालं. जेवणं उरकली, पाहुणे गेले, आणि तुझी आई आठवडाभर म्हणत होती तेच पुन्हा म्हणाली, "त्याचं कम्प्युटर एकडाव चालू करून दाखव रे."

दाखव म्हणे! पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर इथे कोणाच्या बापाने उघडलाय? मी आठवडाभर व्हिडिओ पाहून डोळे फोडून घेतले.

त्यात तुझी हौस. कॅबिनेट नाही, उघडी फ्रेम. पंख्यांत धूळ आणि कापसाचे तंतू.

तुला किती वेळा म्हटलं होतं, "झाकण लाव बे."

"बंद डब्यात ठेवलं तं पाणी फिरतानी दिसंन कसं?"

काकू वैतागायच्या. "माणसाईले प्याले पाणी नाही, अन हा कम्प्युटरले पाजून राह्यला!"

"आई, हे बॅटरीचं पाणी हाय. तुह्या हंड्यातलं नाही."

आज धूळ झटकायला बसलो, तर नळ्यांच्या प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. बाकी सगळ्यावर वर्षाची धूळ, टिश्यू मात्र कोरे.

"काकू, हे कोणी ठेवले?"

"मीच. रोज पाह्यते, मळला का बदलते. पाणी भरून गेला ना तो, तवा सांगून गेला होता. आई, लक्ष ठेवजो, टिश्यू ओला दिसला तं मले फोन करजो. बुलडाण्यावरून जोडाची एक फिटिंग घेऊन आलोच."

आलोच.

येताना ट्रकने उडवलं तुला.

मी पंप चालू केला. नळ्यांतून तू रंग घालून ठेवलेलं निळं पाणी पळालं. "फिरून राह्यलं रे!" काकू वर्षात पहिल्यांदा हसल्या.

आणि खालचा जोड टपकला. बंद केलं, आवळलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा टपकला. रबराची रिंग कडक झाली असणार. तुला मनातल्या मनात सगळ्या शिव्या देऊन झाल्या.

काकूंनी तो टिश्यू उचलला. दुसऱ्या हातात मोबाईल होता.

"ओला झाला," त्या म्हणाल्या. "आता फोन कोणाले करू?"

मी पंप बंद केला.

त्या दिवशीच जायचं काय अडलं होतं बे? फिटिंग उद्या आणली असतीस.

रागासकट श्रद्धांजली, प्रशिक.