येळवशीच्या दिवशी रॉकेट

ज्याला बोलावणं आलं त्यानं एकट्यानं जावं, ही साधी गोष्ट आमच्या घरात आजवर कुणाला शिकवता आलेली नाही. बोलावणं एकाला असतं आणि गाडी भरून माणसं निघतात. लग्न असो, दवाखाना असो की कॉलेजचा प्रवेश. गाडीत एक जागा रिकामी गेली तर आमच्या माणसांचा जीव कासावीस होतो. "गाडी जाऊनच राहिली, तर ह्यांना पण घेऊ की," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे आणि दर वेळी माझ्या मस्तकात तिडीक जाते.

आम्ही रेणापूरचे. नवऱ्याचं तिथं खत-बियाण्याचं दुकान आहे. पोरीला दहावीला चांगले मार्क पडले, तशी तिला लातूरला क्लासला घातली आणि तिच्यासोबत मलाही. लातुरात माझ्यासारख्या आया गल्लोगल्ली सापडतील. एक खोली, एक गॅस, एक कूलर, आणि लेकरू डॉक्टर होईपर्यंत रोज डबा. नवरा रविवारी यायचा, टेस्टमध्ये किती पडले ते विचारायचा, जेवायचा आणि जायचा. पोरीला तो कौतुकानं "आमची डॉक्टरीण" म्हणतो. माणूस मायाळू आहे. म्हणूनच त्याचा राग जास्त येतो, कारण मायाळू माणसाशी भांडलं की लोक आपल्यालाच नावं ठेवतात.

पोरीला डॉक्टर व्हायचं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना तिनं सांगितलं की तिला उपग्रहांचं शिकायचंय. ते वर कसे जातात, खाली का पडत नाहीत, खालून त्यांना कोण आणि कसं वळवतं. मी म्हटलं, पप्पांना सांग. ती म्हणाली, "काय सांगू आई? त्याला काय शिकावं लागतं, कुठं जावं लागतं, हेच मला धड म्हाईत न्हाई. पप्पा एक प्रश्न विचारतील आणि मी गप्प होऊन जाईन."

नांदेडच्या बाहेर अंतराळाची माहिती देणारं एक केंद्र सुरू झालं होतं. बाहेर खऱ्याएवढं उंच रॉकेट, आत चंद्रावर उतरणाऱ्या यानाची प्रतिकृती, गोल छताखाली ताऱ्यांचा खेळ. तिथं एका रविवारी एक शास्त्रज्ञ बाई येणार होत्या आणि निवडक मुलांना घेऊन बसणार होत्या. पोरीनं मोबाइलवरून नाव नोंदवलं आणि तिची निवड झाली. दुपारी दोनला दार बंद होईल, नंतर कुणालाही आत घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. पोरीचा बेत सरळ होता. बाईंना सगळं विचारून घ्यायचं आणि मग बापासमोर बसायचं, हातात पक्की माहिती घेऊन. महिनाभर ती त्याच एका दुपारवर जगत होती.

आणि नेमकी त्या रविवारी येळवस आली.

वेळा अमावस्या. आमच्या लातूर-नांदेडकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीच्या पिठाचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली नव्हे, सगळ्या शेंगांची आणि पालेभाज्यांची मिळून केलेली पातळ भाजी. येळवशीला माणूस आपल्या रानात नाही, हे आमच्याकडं कुणाच्या कल्पनेतच बसत नाही. केंद्रवाले बाहेरचे असणार, त्यांना कॅलेंडरवर फक्त रविवार दिसला.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही येळवस करा, आम्ही दोघी सकाळच्या एस.टी.नं सरळ जातो. तो म्हणाला, "येळवशीला माझी लेक एस.टी.त उपाशी जाणार? खुळी का काय तू? गाडी करतो. आक्काचं रान रस्त्यातच हाय. पूजा करू, दोन घास खाऊ आणि निघू." आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. तिचं रान अहमदपूरच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. ऐकायला सगळं कसं बरोबर वाटतं! या माणसाचा कुठलाही बेत ऐकायला बरोबरच वाटतो.

गाडी आली तेव्हा तिच्यात माझे थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन लेकरं आणि आंबिलीचं मडकं आधीच बसलेलं होतं. मडक्याला खिडकीजवळची जागा होती. ज्या पोरीला बोलावणं होतं ती मागच्या आडव्या बाकड्यावर, एका लेकराला मांडीवर घेऊन. इस्त्री केलेल्या ड्रेसवर त्या लेकरानं चाकूर यायच्या आधीच बिस्कीट कालवलं.

रानात पूजा लवकर उरकली, ते मी नाकबूल करत नाही. पण येळवशीचं जेवण कधी दोन घासांचं असतं का? पंगत बसली, आग्रह सुरू झाला. मी उभ्याउभ्या चार घास गिळले आणि म्हटलं, निघायचं का? आक्का म्हणाल्या, "बस की गं माय, खीर तर घे. आभाळ कुठं पळून चाललंय?" दीर म्हणाले, "आज अमावस्या. चंद्रच न्हाई वर, मग ही पोरगी काय बघायला चालली?" सगळं रान हसलं. पोरगीही हसली, मोठ्या माणसाच्या विनोदाला हसावं लागतं तशी. माझ्या तोंडावर आलं होतं की भाऊजी, उभं आयुष्य रानात काढलं तुम्ही, तुमच्या डोक्यात एवढाच उजेड पडला का? जीभ चावली. चार लोकांत थोरल्या दिराला बोलायची आमच्यात रीत नाही. ही रीत कुणी घातली असेल त्याच्या घरी एकदा मला जायचं आहे.

जेवणं झाली तसा शेजारच्या रानातला माणूस हात धुऊन उभाच होता. "आमच्या रानात आंबील घेतल्याबिगर पाव्हण्यानं जायचं न्हाई." येळवशीच्या बोलावण्याला नाही म्हणायचं नसतं. नवरा गेला, दीर गेले. तिथून पलीकडच्या रानातून हाक आली, तिकडंही गेले. मी बांधावर उभी राहून ओरडले, "अहो, दोनला दार बंद होतंय!" नवऱ्यानं लांबून हात वर केला. आला तो मिशीला आंबील लागलेली आणि चेहरा खुशाल. म्हणाला, "होऊन होऊन किती उशीर होईल? सांगू त्यांना येळवस होती म्हणून. ती बी माणसंच हायत की."

त्याला खरंच तसं वाटत होतं. येळवस होती असं सांगितलं की जगातलं कुठलंही दार उघडतं, अशी या माणसांची पक्की समजूत आहे. रेणापुरात उघडतही असेल. पोरगी केव्हाची गाडीत जाऊन बसली होती, पायात बूट घालून. खिरीची वाटी तिनं हातात धरली होती, पण खाल्ली नव्हती.

पुढं लोहा लागलं. तिथून आत वळलं की कंधार, माझं माहेर. माझा म्हातारा बाप त्याच दिवशी तिथं आपल्या रानात पांडव मांडून बसला असणार. एवढ्या दिलदार गाडीतल्या एकाच्याही मनात आलं नाही की चला, हिच्या बापाकडंही डोकावू. थांबायचं नव्हतंच मला, पण कुणी विचारलंही नाही. रस्त्यात येतात ती फक्त त्यांची माणसं.

आम्ही पोचलो तेव्हा वरातीमागून घोडं. मोठ्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आतून मुलं बाहेर पडत होती, गळ्यात नावाच्या पट्ट्या घालून, मोठमोठ्यानं बोलत. दाराशी एक टेबल होतं आणि त्याच्यावर एकच पट्टी उरली होती. माझ्या पोरीच्या नावाची. तिनं ती पाहिली आणि हात लावला नाही. नवरा तिथल्या पोराला समजावायला लागला, "त्याचं असं झालं साहेब, आमच्याकडं आज येळवस..." त्या पोरानं मान हलवली आणि टेबल आवरायला घेतलं. येळवशीनं दार उघडलं नाही. मग नवरा वळून म्हणाला, "जाऊ दे बेटा, बाकीचं सगळं तर उघडं हाय."

बाकीचं सगळं उघडं होतंच. अंतराळवीराचा पुठ्ठा होता, तोंडाच्या जागी भोक असलेला. दिरांनी त्यातून तोंड काढून फोटो काढला, मग जाऊबाईंनी, मग लेकरांनी भांडून. रॉकेटखाली उभं राहून नवरा मला हाक मारत होता, "ये की गं, पोरीला घेऊन ये, गावात दाखवू." आपल्या लेकीमुळं आपण इथं आलो, याचा त्याला अभिमान वाटत होता. मला वाटलं त्या रॉकेटला बत्ती लावावी आणि हे सगळं गणगोत त्याच्यावर बसवून द्यावं. इतका संताप मला माझ्या उभ्या जन्मात आला नव्हता. पोरगी रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं. ती रडत नव्हती. भिंतीवरची माहिती वाचत उभी होती, पहिल्या ओळीपासून, कुणी परीक्षा घेणार असल्यासारखी.

तेवढ्यात त्या शास्त्रज्ञ बाई बाहेर आल्या. सुती साडी, पायात खेळायचे बूट, खांद्याला पिशवी. त्यांना त्यांच्या गाडीकडं निघालेलं पाहिलं आणि मी टेबलावरची पट्टी उचलली, पोरीचं मनगट धरलं आणि अक्षरशः पळाले. "मॅडम, थांबा! हिला उशीर झाला. हिचा दोष नाही. हिला फक्त एक विचारायचंय." माझा आवाज चढलेला होता, बाई दचकल्याच. पण थांबल्या. पट्टीवरचं नाव वाचलं आणि पोरीला म्हणाल्या, "हां, तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती मी. सांग, पुढं काय करायचं ठरवलंयस?"

पोरीनं तोंड उघडलं आणि मागून उत्तर आलं.

"डॉक्टर होणार ती! लातूरलाच ठेवलीय क्लासला." नवरा धापा टाकत पोचला होता, मागोमाग दीर, जाऊबाई, लेकरं, सगळी फौज. "नमस्कार मॅडम. एक फोटो घेऊ का सगळ्यांचा?"

मी वळले आणि त्याच्या तोंडावर म्हणाले, "गप बसा. तिला विचारलंय."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला असं बोलले, तेही त्याच्या थोरल्या भावासमोर. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचा मोबाइल फोटोसाठी वर धरलेला होता, तो तसाच राहिला. पोरगी त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं मान खाली घातली आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही घरी कसं सांगितलं? म्हणजे, डॉक्टर न्हाई व्हायचं, हे शिकायचंय म्हणून?"

बाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं. "अगं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते तर तू आत्ताच सांगितलंस." पिशवीतून पेन काढून त्यांनी पट्टीच्या मागं आपला नंबर लिहिला, काय शिकायचं आणि कुठं, ते फोनवर सविस्तर सांगते म्हणाल्या, आणि गेल्या.

मग दिरांनी घसा खाकरला. "चला, चला, जल्दी करा. दिवस मावळायच्या आत परत आक्काच्या रानात पोचायचंय. उशीर होऊन राहिला." सकाळपासून पहिल्यांदा त्यांना उशीर दिसला. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, जाऊबाई लेकरांना घेऊन आत चढल्या.

नवरा तिथंच उभा होता. मला म्हणाला, "तुला म्हाईत होतं?"

"हाव."

त्याचा चेहरा पडला होता आणि मला त्याची दया येत नव्हती. तो पोरीकडं न बघता म्हणाला, "बरं. घरी गेल्यावर बोलू."

घरी म्हणजे कधीच नाही, हे मला पक्कं माहीत आहे. घरी दुकान असतं, पाहुणे असतात, सोमवारची टेस्ट असते. मी गाडीपाशी गेले आणि खिडकीतून आत वाकून म्हणाले, "भाऊजी, गाडी बंद करायला सांगा. आम्हाला वेळ लागणार आहे." मग मागं फिरले आणि पोरीला म्हटलं, "बोल. पप्पा ऐकून राहिले. सगळं बोल."

तिनं पहिलं वाक्य बोलायला खूप वेळ घेतला. गाडी बंद होती.