दिराचा धारेचा दगड

नातवाच्या दाढीच्या साबणाचा वास आला की मला दिराचा धारेचा दगड आठवतो. मी सावद्याकडची, लग्न होऊन शिंदखेड्याला आले, तिथली बोली निराळी, आणि हा दीर पाहुण्यांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल करून म्हणायचा, "वैनी, तुन्ही बोली आयकीसन म्हैस बी हासस." बठ्ठं म्हणजे सगळं घर हसायचं. मी सूड घ्यायचा ठरवला. वस्तऱ्याच्या त्या गुळगुळीत दगडाला तो कुणाला बोट लावू द्यायचा नाही. वाळू-पाणी घालून फरशीवर घासून त्याला सपाट ठेवायचा. तो नरडाण्याला मुलगी पाहायला जायच्या आदल्या दुपारी मी त्याच दगडावर विळा घासघासून मधोमध खाच पाडली. सकाळी वस्तऱ्याची धार खरबरीत झाली, आणि स्वारी गालभर कापसाचे बोळे चिकटवून निघाली. मी चुलीपाशी पदरात तोंड खुपसून हसले. मुलीने होकार दिला. जाऊ होऊन आल्यावर मलाच सांगते, "मन्हासाठे इतलं रगत सांडं, नही कशी म्हनू?" आठवडाभरात माझी नक्कलही शिकली, नवऱ्याहून सरस. आता वाटतं, माझ्यातल्या त्या अकलेच्या कांद्याला दगडाला खाच पाडण्यापेक्षा अख्खा वस्तराच विहिरीत टाकायला काय झालं होतं?